स्टुटगार्टमध्ये एक सेमिस्टर: लेकीला हातखर्चाला किती द्यावेत?

कृष्णाकाठ | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून तिला जर्मनीत स्टुटगार्टला एक सेमिस्टर मिळालंय. मार्चअखेर जाईल, ऑगस्टअखेर परत येईल. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो फी असते, ती एक्सचेंजमुळे माफ आहे. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली, चौघींत एक स्वयंपाकघर. वीज आणि इंटरनेट धरून भाडं ३६० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट (पैसे आधी भरायचे, तिकडे दरमहा ठरावीक रक्कम सुटते असं खातं) केलं, महिना ९९२ प्रमाणे पाच महिन्यांचे ४,९६० युरो त्यात टाकले. युरो शंभरी ओलांडून बसलाय, १०५ धरला तरी सव्वापाच लाखांच्या घरात गेले.

आता प्रश्न हातखर्चाचा. हे ९९२ पुरतात का? वर किती द्यावेत? दरमहा पाठवावेत की एकदम देऊन टाकावेत? फिरायला वेगळे द्यावेत का?

आम्ही सांगलीचे, नोकरदार. धाकटा बारावीला आहे, त्यामुळे हात मोकळा नाही, पण अडचणही नाही. खरी काळजी वेगळीच आहे. मुलगी पैसे उडवणारी नाही, उलट पोटाला चिमटा काढणारी आहे. पुण्यात हॉस्टेलवर असताना आम्हाला न सांगता मेसचा रात्रीचा डबा बंद केला होता तिने. तिकडे कोण बघणार? म्हणून आकडा मला नीट समजून घ्यायचाय, म्हणजे तिला ठामपणे सांगता येईल की एवढे खर्च करायचेच.

बटाटेवडा | ११ जानेवारी, रात्री ९:२२

लेकीचं मनापासून अभिनंदन! पहिला सल्ला: बॅगेत एक किलो मेतकूट. बाकीचे सल्ले जाणकार देतील.

श्वाबनिवासी | ११ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, मी स्टुटगार्टजवळच राहतो, बरीच वर्षं झाली. उत्तर देतो, जरा लांबेल.

९९२ हा जर्मन सरकारने ठरवलेला किमान आकडा आहे, सप्टेंबर २०२४ पासूनचा. त्यात भाडं आणि विमा दोन्ही धरलेले आहेत, त्यामुळे 'महिना लाख रुपये हातात' असं समजू नका. पब्लिक हेल्थ इन्शुरन्स विद्यार्थ्यांना १४० ते १५० युरोच्या आसपास बसतो. म्हणजे ३६० आणि १४५ गेले, उरले ४८७. फोनचं प्रीपेड कार्ड दहा युरोच्या आत येतं. रेल्वे-बसचा देशभराचा पास, डॉइचलांडटिकेट, या महिन्यापासून ६३ युरो झालाय. शिवाय इथे टीव्ही-रेडिओसाठी दर घरामागे महिना १८.३६ युरो द्यावे लागतात. टीव्ही नसला तरी. चौघींचं मिळून एक घर धरलं तर वाट्याला साडेचार-पाच युरो येतील. शहरात पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत त्याचं पत्र येतं. मुलांना ती फसवणूक वाटते आणि ती पत्र टाकून देतात. ते खरं असतं, पैसे भरायचेच असतात.

हे सगळं वजा जाता ४०० ते ४१० युरो खाणं, साबण-शाम्पू, कपडे, हौसमौज यांना उरतात. स्वयंपाक येत असेल तर हे पुरतं. ऐष होणार नाही, उपासही होणार नाही.

पासाबद्दल एक: बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २७ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी याच पासाचा स्वस्त प्रकार आहे. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला आत्ताच विचारून ठेवा, आणि किमान किती महिन्यांसाठी घ्यावा लागतो तेही विचारा. साधा पास दर महिन्याला बंद करता येतो, पण त्यासाठी त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

कृष्णाकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:३०

बाप रे, एवढं सविस्तर! टीव्हीच्या पैशांचं कुणीच सांगितलं नव्हतं. खूप धन्यवाद दादा.

रुपाली_पी | ११ जानेवारी, रात्री १०:४८

माझा मुलगा पोलंडमध्ये व्रॉत्सवाफला शिकतोय. तिथे याहून बरंच कमी लागतं. हेच सेमिस्टर पूर्व युरोपात केलं असतं तर लाखभर वाचला असता असं मला वाटतं.

श्वाबनिवासी | ११ जानेवारी, रात्री १०:५५

खरंय रुपालीताई, पण मेकॅनिकलच्या मुलीसाठी स्टुटगार्ट म्हणजे पंढरी. डाइमलर आणि बॉश दोघांनी इथेच सुरुवात केली, पोर्शचा कारखाना शहरातच आहे. लाख रुपयांचा फरक तिथे भरून निघतो.

हिशेबाची_वही | १२ जानेवारी, सकाळी ७:४०

सुप्रभात. पैसे पाठवण्याबद्दल थोडं.

१) एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचा त्याच्याशी संबंध येत नाही. टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, १० लाखांपर्यंत लागत नाही, एप्रिल २०२५ पासून. तुम्ही त्याच्या बऱ्याच आत आहात.

२) रोख: परकीय नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात. एवढ्या नेऊ नका. तीनशे-चारशे युरो पुरे, तेही ५, १० आणि २०च्या नोटांत.

३) फॉरेक्स कार्ड युरोतच भरा. इथलं नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्ड तिकडे घासलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, वर जीएसटी.

४) एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत की युरोत? नेहमी युरो. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं आणि तो आपल्या तोट्याचाच असतो. मुलीला हे पाठ करून घ्यायला लावा.

५) फॉरेक्स कार्डाला आयबान, म्हणजे युरोपातला बँक खाते क्रमांक, नसतो. भाडं, विमा, फोन सगळं तिकडे खात्यातून आपोआप कापून घेतात. त्यामुळे तिथलं बँक खातं लागेलच. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसेही त्याच खात्यात दरमहा येतात. खातं सुरू व्हायला वेळ लागतो, तोवरचा खर्च कार्डावर. म्हणजे पहिल्या महिन्यासाठी कार्डात वेगळी रक्कम हवीच.

डोंगरदऱ्या | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

हिशेबाची_वही यांचा पाचवा मुद्दा सोन्याचा आहे. मी ड्रेस्डेनला एक सेमिस्टर केलंय. पहिला महिना इतर कुठल्याच महिन्यासारखा नसतो. खोलीची अनामत, गादीवरची चादर, उशी, पांघरूण, तवा-पातेलं, बादली, टेबललॅम्प, सेमिस्टरचं शुल्क, सगळं एकदम अंगावर येतं. वसतिगृहाच्या खोलीत पलंग-गादी असते, अंथरूण-पांघरूण बहुधा नसतं. अनामत सोडून पाचशे-सहाशे युरो पहिल्या महिन्यासाठी बाजूला ठेवा, आणि ते महिन्याच्या ९९२मध्ये मोजू नका. ज्यांनी हे वेगळे ठेवले नव्हते अशी मुलं मे महिन्यापर्यंत ओढाताणीत होती, आणि घरच्यांना वाटत होतं पोरगं उधळ्या निघालं.

जुनी भांडी, सायकल, हीटर यांसाठी वसतिगृहाच्या ग्रुपवर लक्ष ठेवायचं. मार्चअखेर आधीचं सेमिस्टर संपवून जाणारी मुलं कुकर-कढया अक्षरशः फुकट देऊन जातात.

पाटलीणबाई | १२ जानेवारी, सकाळी १०:०२

कृष्णाकाठ, मी तुमच्याशी थोडी असहमत आहे. 'एवढे खर्च करायचेच' असं मुलीला का सांगायचं? काटकसर हा तिचा गुण आहे. आमच्या पिढीने याच गुणावर संसार उभे केले. एकवीस वर्षांची मुलगी आहे, तिला ठरवू दे. सगळे पैसे एकदम द्या आणि मोकळ्या व्हा. उरले तर तिचे.

कोथरूडचे_आजोबा | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

पाटलीणबाई, काटकसर आणि उपासमार यांत फरक असतो. आमच्या काळी परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन मोजून-मापून मिळे. घरचे हवे तेवढे रुपये द्यायला तयार असले तरी बदलून मिळत नसत. एलआरएस आलं २००४ साली, तेही २५,००० डॉलरच्या मर्यादेने. माझे कितीतरी मित्र पहिली दोन वर्षं पाव आणि उकडलेल्या अंड्यावर राहिले, त्यांतल्या एकाने तब्येत कायमची बिघडवून घेतली. आता मार्ग मोकळा असताना पोरीने पोट मारून राहणं मला पटत नाही. जेवणाचे पैसे जेवणावरच जायला हवेत.

पाटलीणबाई | १२ जानेवारी, सकाळी ११:४१

आजोबा, जेवणाबद्दल मी तेच म्हणेन. मी हौसेच्या खर्चाबद्दल बोलत होते.

आमटीभात | १२ जानेवारी, दुपारी १:३०

मग जेवणावरच बोलू! कार्ल्सरूहला मास्टर्स केलंय, त्यामुळे त्याच राज्यातला अनुभव.

आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो ही स्वस्त दुकानं. बटाटे, कांदे, गाजर, कोबी, दूध, दही, अंडी, ओट्स, पास्ता तिथे. कोथिंबीर, मिरची, वांगी, भेंडी, छोले यांसाठी तुर्की दुकान गाठायचं, तिथे कोथिंबिरीची जुडी जुडीसारखी मिळते. सुपरमार्केटात कुंडीतली चार काड्यांची मिळते. मसुराची लाल डाळ सगळीकडे सापडते. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात, तिथे महिन्यातून एकदाच जायचं. असं केलं की किराणा १६० ते २०० युरोत नीट बसतो, फळं आणि चीज धरून.

विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये, विद्यार्थी दराने गरम जेवण मिळतं आणि रोज एक तरी शाकाहारी पदार्थ असतो. दुपारी मेन्सा, रात्री घरी, हे गणित बहुतेकांचं असतं. ओळखपत्र नेलं नाही तर पाहुण्याचा दर लागतो, तो बराच जास्त असतो.

नळाचं पाणी पितात, बाटली भरून घ्यायची. हॉटेलात मात्र पाणी विकत असतं, कधीकधी बिअरच्या बरोबरीने.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी घरात काही नसेल तर रविवारी डोनर (भरलेला तुर्की पाव) नाहीतर पिझ्झा, म्हणजे एका जेवणाला आठ-दहा युरो. महिन्याचे चार रविवार असेच गेले तर आठवडाभराचा किराणा गेला.

बटाटेवडा | १२ जानेवारी, दुपारी १:४४

आयडी आमटीभात आणि विषय जेवण, आज धाग्याचं सोनं झालं. तिथलं काही शाकाहारी खाऊ शकेल का ती? की पाच महिने मसूर?

श्वाबनिवासी | १२ जानेवारी, दुपारी २:२०

नक्की खाऊ शकेल. केझश्पेत्सले म्हणजे अंड्याच्या पिठाच्या शेवया आणि वर चीज-तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर उत्तम. आणि इथलं घरगुती जेवण म्हणजे लिन्झन मिट श्पेत्सले, तपकिरी मसुराची थोडी आंबट उसळ आणि त्याच शेवया, आपल्या आमटीभाताचा चुलतभाऊच. त्यात सॉसेज घालतात, तेवढं नको म्हणायचं. माउलटाशनमध्ये पारंपरिक मांस असतं, भाज्यांचे वेगळे मिळतात. बेकरीतली ब्रेत्सल तर सकाळ-संध्याकाळचा आधार.

अवांतर: श्वाबन, म्हणजे या स्टुटगार्टच्या भागातले लोक, काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध आहेत. २००८च्या आर्थिक संकटात अँगेला मेर्केल यांनी पक्षाच्या अधिवेशनात याच स्टुटगार्टमध्ये श्वाबन गृहिणीचं उदाहरण दिलं होतं, की ऐपतीपेक्षा जास्त खर्च करून फार काळ चालत नाही हे तिला विचारा. तेव्हा कृष्णाकाठताई, तुमची मुलगी योग्य गावाला चालली आहे.

सदाफुली | १२ जानेवारी, दुपारी ३:०५

केरवोख सांगायचं राहिलं! आळीपाळीने जिना आणि अंगण झाडायचा आठवडा. वसतिगृहातही स्वयंपाकघराची पाळी असते. पैसे लागत नाहीत, पण चुकवली तर शेजारणींचं प्रेम जातं.

रुपाली_पी | १२ जानेवारी, दुपारी ४:१०

आम्ही मुलाला सांगितलंय की प्रत्येक गोष्ट रुपयांत मोज. कॉफी चार युरो म्हणजे चारशेच्या वर, मग आपोआप हात आखडतो.

डोंगरदऱ्या | १२ जानेवारी, दुपारी ४:३५

रुपालीताई, याला माझा कळकळीचा विरोध आहे. सगळं रुपयांत मोजत बसलं तर माणूस तिथे राहतच नाही, पाच महिने नुसता खिसा चाचपतो. वर्गातली मुलं लेक्चरनंतर कॉफीला बोलावतात आणि आपली मुलं 'मला काम आहे' म्हणून खोलीवर जातात. दोनदा-तीनदा असं झालं की बोलावणं बंद होतं. मग त्या सेमिस्टरमध्ये ओळखी होतात त्या फक्त भारतीय मुलांशी. ते वाईट नाही, पण त्यासाठी सहा हजार किलोमीटर कशाला जायचं?

तिथली किंमत तिथल्या मजुरीशी ताडून बघावी. जर्मनीत या जानेवारीपासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. साडेसात युरोचा डोनर म्हणजे तिथल्या अगदी कमी कमावणाऱ्याचीही अर्ध्या तासाची मजुरी. हे कळलं की तो साडेसातशे रुपयांचा पाव वाटत नाही, साधं जेवण वाटतं. तरीही रोज खाणं परवडत नाही, ते वेगळ्या कारणाने: महिन्याला चारशेच आहेत म्हणून. हिशेब युरोत मांडायचा आणि युरोतच पाळायचा.

रुपाली_पी | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:००

मजुरीचा मुद्दा पटला. पण पैसे आमच्या पगारातून रुपयांतच जातात हो. आईबापाला गुणाकार सुटत नाही.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:५०

दोघींचंही पटतंय. आमच्या घरी गुणाकार मी करेन, तिला करू देणार नाही, असं ठरवते. 'मला काम आहे' म्हणून खोलीवर जाणं हे तर हुबेहूब माझ्या मुलीचं वर्णन आहे. वाचून पोटात तुटलं.

तिला तिथे नोकरी करता येईल का? ती विचारत होती.

श्वाबनिवासी | १२ जानेवारी, रात्री ९:१५

कायद्याने येते. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आधी १२० आणि २४० होते, मार्च २०२४ मध्ये वाढवले. मिनीजॉब म्हणजे महिना ६०३ युरोपर्यंतचं काम.

पण पाच महिन्यांत कर क्रमांक, बँक खातं, अर्ज, मुलाखत यांतच मे उजाडेल. जूनमध्ये काम लागलं तर जुलैत परीक्षा. बजेट नोकरीच्या भरवशावर अजिबात आखू नका. मिळाली तर वरकड.

पाटलीणबाई | १२ जानेवारी, रात्री ९:४०

इथे मी श्वाबनिवासींशी सहमत. शिकायला गेली आहे, शिकू दे. कारखाने बघू दे. एका सेमिस्टरात बशा कशाला विसळायच्या?

नवा_भिडू | १२ जानेवारी, रात्री १०:३०

मी सध्या स्टुटगार्टलाच एक्सचेंजवर आहे, फेब्रुवारीत परत येतोय. फाइहिंगेन कॅम्पसला असतो. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून आयडी काढला.

काकू, पहिल्यांदा दिलासा: इथे बिनपैशाचं खूप आहे. कॅम्पसवरून एस-बान या लोकलने गावात पोचलं की मिलानो चौकातलं पांढरंशुभ्र शहर ग्रंथालय, दिवसभर अभ्यासाला बसा, कुणी उठवत नाही. श्टाट्सगालरी या चित्रसंग्रहालयात कायमचा संग्रह बुधवारी मोफत. शहर दरीत आहे, चारशेच्या वर जिने आहेत डोंगरउतारावर, त्यांना इथले लोक श्टेफेले म्हणतात. रविवारी आम्ही तेच चढतो-उतरतो. शनिवारी कार्ल्सप्लात्सवर जुना बाजार भरतो. विद्यापीठाच्या खेळवर्गांची फी बाहेरच्या जिमच्या मानाने फारच कमी, तिथे ओळखीही लवकर होतात.

रिकाम्या बाटल्या फेकू नयेत. प्लास्टिक बाटली किंवा डब्यामागे २५ सेंट परत मिळतात, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या की चिठ्ठी येते, ती बिलातून वजा होते. आमच्या मजल्यावर बाटल्यांची एक सामाईक पिशवी आहे, तिच्यातून महिन्याची चहापत्ती निघते.

विनातिकीट पकडलं तर ६० युरो दंड. पास नावावर असतो, सोबत ओळखपत्र लागतं. फोनची बॅटरी संपली की पास दाखवता येत नाही, म्हणून पॉवरबँक हवीच.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री १०:४२

जीते रहो बाळा. तू जेवतोस ना नीट?

नवा_भिडू | १२ जानेवारी, रात्री १०:४५

हो काकू! आत्ताच खिचडी झाली. पापड संपलेत तेवढे.

बटाटेवडा | १२ जानेवारी, रात्री १०:४८

फिरण्याचं कुणीतरी बोला. युरोपात जाऊन पॅरिस बघितलं नाही तर गावात तोंड कसं दाखवणार?

डोंगरदऱ्या | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

फिरण्याचे पैसे पूर्ण वेगळे ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. महिन्याच्या चारशेतून फिरायचं म्हटलं की मुलं एक तर फिरत नाहीत, नाहीतर फिरून आली की दोन आठवडे पास्त्यावर काढतात. सातशे-आठशे युरोची एक वेगळी थैली द्या आणि सांगा, हे परत आणायचे नाहीत.

त्यात किती होतं बघा. डॉइचलांडटिकेटवर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. स्टुटगार्टहून उल्म तासाभरावर, तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटर उंच आहे. ट्युबिंगेन, एस्लिंगेन, लुडविग्सबुर्ग, हायडेलबेर्ग सगळे एका दिवसाचे. प्रवासखर्च शून्य, डबा बरोबर. याच पासावर सीमेवरच्या केलपर्यंत जाता येतं, तिथून ऱ्हाईन नदीवरचा पूल पायी ओलांडला की फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. म्युनिकमार्गे साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही पास चालतो, मात्र जायला अख्खा दिवस जातो.

मोठा खर्च एक-दोनच करायचा. पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, सव्वातीन तासांत पोचवते. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर परवडतं, आदल्या आठवड्यात काढलं तर डोळे पांढरे होतात. आणि २६ वर्षांखालच्या युरोपात रहिवास असलेल्यांना तिथलं लूव्र संग्रहालय मोफत आहे, विद्यार्थी व्हिसा किंवा रहिवास परवाना बरोबर न्यायचा. बाहेरून येणाऱ्यांना याच महिन्यापासून ३२ युरो झालेत. म्हणजे तिच्यासाठी पॅरिसला जायची हीच वेळ.

स्वस्त विमानांबद्दल: तिकीट वीस युरोचं दिसतं, पण बॅगेचे पैसे वेगळे, विमानतळ गावापासून लांब, तिथवरची बस वेगळी. सगळं मिळून मग रेल्वेशी ताडून बघावं.

हिशेबाची_वही | १३ जानेवारी, सकाळी ९:००

आणि अडीअडचणीची थैली वेगळी. दात दुखला, फोन पडला, घरी तातडीने यावं लागलं. ही रक्कम तिकडे देऊ नका, इथेच बचत खात्यात ठेवा. तिकडे जवळ असली की ती हळूहळू महिन्यात मिसळते. चष्मा असेल तर दुसरा करून न्या, इथल्यापेक्षा तिकडे खूप महाग पडतो आणि विमा मोठ्या माणसांच्या साध्या चष्म्याला सहसा पैसे देत नाही. औषधांवर मात्र चिठ्ठी असेल तर एका औषधामागे ५ ते १० युरोच आपल्याकडून जातात.

सदाफुली | १३ जानेवारी, सकाळी १०:१५

सामानाचा एक मुद्दा पैशाशी जोडलेला आहे. तूप, पेढे, बर्फी, चीज, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळंही नकोत. मसाले, भाजणी, मेतकूट, चिवडा, लोणचं, पापड न्या. तूप तिथल्या लोण्याचं कढवायचं, झकास होतं. आणि कुकर नेणार असाल तर सपाट आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. गॅस बहुतेक वसतिगृहांत नसतो.

कोथरूडचे_आजोबा | १३ जानेवारी, दुपारी १२:१०

दरमहा की एकदम, या मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्लॉक्ड अकाउंटमुळे ते निम्मं ठरलेलंच आहे, पैसे दरमहाच सुटतात. वरचे मात्र मागायची वेळ मुलीवर येऊ देऊ नका. असा स्वभाव असलेली मुलं मागत नाहीत. माझी नात तशीच आहे. 'लागले तर सांग' हे वाक्य तिच्यासाठी बिनकामाचं होतं, तिला कधीच 'लागत' नसत. मग आम्ही तारीख ठरवली आणि न विचारता पाठवू लागलो.

पाटलीणबाई | १३ जानेवारी, दुपारी १२:३०

आजोबा, हे मात्र शंभर टक्के खरं. 'लागले तर सांग'ऐवजी ठरलेली तारीख. माझं एकदम देण्याचं मत मी मागे घेते.

कृष्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:३०

काल रात्री मुलगी, तिचे बाबा आणि मी धागा उघडून बसलो, अगदी बटाटेवडा यांच्या मेतकुटापासून. असं ठरलं:

ब्लॉक्ड अकाउंटचे ९९२ जसे येतील तसे. त्यातले जेवणाचे २०० युरो तिने जेवणावरच घालायचे, ते वाचवले तर बक्षीस नाही. पहिल्या महिन्यासाठी ६०० युरो, त्यातले चारशे फॉरेक्स कार्डात आणि दोनशे रोख. अनामत आम्ही इथूनच भरतोय. फिरण्याचे ७५०, ते १ मे आणि १ जूनला निम्मे-निम्मे, न विचारता. अडीअडचणीचे लाखभर रुपये माझ्या खात्यात, त्याला कुणी हात लावायचा नाही. सगळं मिळून ब्लॉक्ड अकाउंटच्या वर अडीच लाखांच्या आसपास जातंय, त्यात लाख न लागणारे. हे आम्हाला झेपतं. विमानाचं तिकीट वेगळं.

यजमानांचा फिरण्याच्या थैलीला आधी विरोध होता. स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे हे त्यांना कुठेतरी वाचून कळलं, तेव्हापासून ते स्वतःच नकाशा घेऊन बसलेत.

मुलगी इथे लिहायला लाजते, पण तिचं म्हणणं मांडते. तिला पॅरिस एकदा, उल्म दोनदा आणि पोर्शचं संग्रहालय दर महिन्याला बघायचंय. कॉफीला नाही म्हणणार नाही असं तिने कबूल केलंय.

आता दोन प्रश्न राहिले. २७ वर्षांखालच्या पासासाठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र पुरतं की तिथे नोंदणी झाल्यावरच मिळतो? आणि नवा_भिडू, तू फेब्रुवारीत निघताना तुझा कुकर कुणाला देणार आहेस?

नवा_भिडू | १४ जानेवारी, रात्री ९:५२

पास काढताना माझ्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं होतं, काकू. ते पहिल्या आठवड्यातच मिळतं. तोवर एप्रिलचा साधा ६३चा पास घ्यायचा आणि १० तारखेच्या आत बंद करायचा.

कुकर तीन लिटरचा आहे, शिट्टी नवी बसवलीय. सोबत पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबाही आहे. मी निघेन तेव्हा ती आलेली नसेल, म्हणून मजल्यावरच्या नागपूरच्या मुलीकडे ठेवून जातो, ती सप्टेंबरपर्यंत इथेच आहे. तिचा नंबर तुम्हाला निरोपातून कळवतो.

बटाटेवडा | १४ जानेवारी, रात्री ९:५५

पापड कोण पाठवतंय या मुलाला?

सदाफुली | १४ जानेवारी, रात्री १०:०१

आमचे शेजारी पुढच्या आठवड्यात फ्रँकफुर्टला चाललेत. भिडू, पोह्याचे की उडदाचे?